राजा स्ट्रीटच्या मागची भट्टी

पहाटे साडेपाच

गलाईच्या दुकानातला केर कधी बाहेर टाकत नाहीत. पहाटे शटर अर्धं वर करून आत शिरलो की देवाला दिवा लावायच्याही आधी मी मऊ केसांचा ब्रश हातात घेतो. आधी मेज, मग भट्टीचा कठडा, काट्याच्या काचपेटीभोवतालची फरशी, शेवटी उंबऱ्यापर्यंतची जमीन. निघालेली धूळ झाकणाच्या डब्यात जाते. फुटलेल्या मुशी, त्यांच्या कडांना चिकटलेला टाकणखाराचा हिरवट काच, हात पुसायची फडकी, दारातलं पायपुसणं, यांचेही वेगवेगळे डबे आहेत. वर्षातून एकदा ते सगळं जाळायचं, राख कुटून चाळायची, पाण्यात धुवायची आणि तळाला बसलेला जड गाळ शिसं आणि टाकणखार घालून आटवायचा. आमच्या भागात पूर्वी झारेकरी सराफांच्या दारातली माती विकत घेऊन याच पद्धतीनं सोनं काढायचे. लहानपणी त्यांना नाल्याकाठी परात हलवत बसलेलं मी बघितलंय. ज्या मातीवरून आम्ही पोरं पळत जायचो ती ते पैसे मोजून नेत होते, याचं मला तेव्हापासून नवल आहे.

दुकान कोईमतूरला, राजा स्ट्रीटच्या मागच्या अरुंद गल्लीत. एकामागे एक अशा तीन खोल्या. पुढच्या खोलीत काटा आणि गिऱ्हाईक, मधे भट्ट्या, मागं तेजाबाची खोली आणि तिच्यातून गच्चीवर गेलेलं धुराडं. भिंतीवर खरसुंडीचा सिद्धनाथ आणि त्याच्या शेजारी कोनियम्मन. ती या शहराची देवता. मासी महिन्यात तिचा रथ राजा स्ट्रीटवरून ओढत नेतात, त्या दिवशी मी भट्टी पेटवत नाही. दोघांनाही एकच उदबत्ती ओवाळतो आणि मफल भट्टीचं बटण दाबतो. तिला हजार अंशांच्या पुढं जायला वेळ लागतो, म्हणून ती सगळ्यात आधी.

सकाळी सात

भाचा येतो. माझ्या बहिणीचा मुलगा, आटपाडीकडचा, बारावी सायन्स झालेला. येताना कोपऱ्यावरून स्टीलच्या डब्यात फिल्टर कॉफी आणतो. कॉफी पिता पिता तो कालची वही वाचून दाखवतो आणि आज काय काय काढायचं ते आम्ही ठरवतो.

तो इथं का आला, हे सांगायला हवं. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, पलीकडे माण आणि खटाव, हा सगळा अवर्षणाचा पट्टा. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि आमच्या शिवारावरून नुसती सावली टाकत पुढं जातात. त्यामुळे आमच्याकडची माणसं आजोबांच्या पिढीपासून बाहेर पडली आणि त्यांनी सोनं-चांदी गाळायचा धंदा धरला. एका घरातला एक गेला, त्यानं भावाला बोलावलं, भावानं मेव्हण्याला. आज सराफ बाजार असलेलं देशातलं कुठलंही मोठं शहर घ्या, मागच्या गल्लीत विटा-आटपाडीकडचा गलाईवाला सापडतो. त्रिशूर, मदुरै, विजयवाडा, कोलकाता, वाराणसी, जम्मू. प्रत्येक जण तिथली भाषा बोलतो आणि घरात आपली. आमच्या माणसांना परमुलखात कुणी ओळखीची चिठ्ठी दिली नव्हती. दुसऱ्याचं सोनं हातात घेऊन ते वजनाला आणि कसाला बरोबर परत करत गेले, एवढ्यावर त्यांचा जम बसला.

आम्ही निघालो तेव्हा शेतीला पाणी नव्हतं. आता टेंभू योजनेच्या पंपांनी कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून आमच्या भागात आणलंय. माळावर डाळिंबं लागलीत, द्राक्षं लागलीत. भाच्याला घरी राहून बाग बघता आली असती, त्याच्या वडिलांची इच्छाही तीच. तो मात्र सुट्टीत इथं आला, मफलच्या भोकातून आत बघत बसला आणि परत गेला तो कायमचा यायचं ठरवूनच. पोटासाठी या भट्टीपुढं बसलेले आमच्याकडं पुष्कळ आहेत. पाणी असताना आलेला मी पाहिलेला हा पहिलाच.

सकाळी नऊ

पहिले आसारी येतात. इथल्या सोनारांना आम्ही आसारीच म्हणतो. यांचा चार माणसांचा कारखाना आहे, आणि महिनाभरात साठलेली कातरणं, तारांचे तुकडे, बिघडलेल्या कड्या, कानशीची भुकटी त्यांनी कागदाच्या पुड्यांत आणलेली असते. त्याची एक लगड करायची आणि तिचा टंच काढून द्यायचा. टंच म्हणजे हजार भागांत चोख सोन्याचे किती. बावीस कॅरेटचा दागिना 916 चा, अठराचा 750 चा.

वजन गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर होतं. 200.40 ग्रॅम. भुकटीवरून लोहचुंबक फिरवतो, कानशीचे लोखंडी कण त्याला चिकटतात. मग मूस. कोरी मूस आधी टाकणखारानं आतून काचवून घ्यायची, नाहीतर सोनं तिच्या छिद्रांत शिरतं. भुकटी कागदासकट टाकायची, म्हणजे ब्लोअरच्या वाऱ्यानं ती उडत नाही.

सोनं 1064 अंशांना वितळतं आणि तांबं 1085 ला, पण दोन्ही एकत्र असली की त्याच्याही खाली पाणी होतं. हे सगळं पुस्तकात आहे. पुस्तकात नाही ते मुशीच्या तोंडाशी बघावं लागतं. आधी तुकडे लाल होतात, मग कडा ओघळतात, मग एका क्षणी सगळा ढीग आत बसतो आणि वर मळकट साय दिसते. टाकणखार ती साय ओढून कडेला नेतो. ग्रॅफाइटच्या कांडीनं ढवळलं की मधोमध एक स्वच्छ डोळा उघडतो, हिरवट झाक असलेला आणि न हलणारा. तो डोळा दिसेपर्यंत ओतायचं नाही. आसारीही उठून उभे राहतात आणि बघतात. त्यांनी आयुष्यभर सोनं पाहिलंय, तरी बघतात.

साचा गरम करून, आतून तेल लावून ठेवलेला असतो. सांडशीनं मूस उचलून एकाच धारेत ओतायचं. मधे हात थांबला तर लगडीवर घडी पडते आणि घडीत हवा राहते. तेल भुरकन पेटतं, विझतं, आणि पाण्यात टाकलेली लगड चर्र करून काळीची पिवळी होते. 199.86. चोपन्न सेंटिग्रॅम घट. भुकटीत मेण होतं, कागद होता, हाताचा मळ होता, तेव्हा एवढी घट रास्त आहे. आसारी मान हलवतात. मी वहीत लिहितो, ते सही करतात.

पूर्वी भट्टीपुढं बसताना जीव मुठीत असायचा तो कॅडमियममुळे. जुन्या डाखात ते घालायचे आणि आटवताना त्याचा पिवळसर धूर थेट छातीत जायचा. हॉलमार्कच्या नियमांत कॅडमियमला जागा नाही. 16 जून 2021 पासून हॉलमार्क सक्तीचं झालं आणि 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडी क्रमांकाशिवाय नवा दागिना दुकानात विकता येत नाही. मोडीत अजून जुना माल येतो. तो आला की मी भाच्याला मागं पाठवतो आणि हुडाचा पंखा पूर्ण सोडून स्वतः बसतो.

साडेदहा

माझा दिवस ज्या कामासाठी आहे, ते आता सुरू होतं.

टंच काढायला हल्ली मशिन आहे. लगड आत ठेवली की क्ष-किरण सोडून मिनिटभरात आकडा देतं. बाजार त्यावर चालतो आणि चालावाच, दिवसाला येणाऱ्या शेकडो दागिन्यांना दुसरा उपाय नाही. पण मशिनला कातडं दिसतं, पोट दिसत नाही. वरचा केसाएवढा थर वाचून ते थांबतं. लगडीत वर-खाली मिश्रण कमीजास्त असेल, किंवा कुणी आत टंगस्टन दडवलं असेल, तर त्याला पत्ता लागत नाही. टंगस्टन आणि सोन्याची घनता जवळजवळ सारखी, 19.25 आणि 19.32, म्हणजे पाण्यात तोलूनही फसायला होतं. म्हणून लगड मोठी असेल तर मी आगीचा टंच काढतो. दोन कोपऱ्यांतून, एक वरून आणि एक खालून, असे दोन नमुने घ्यायचे. एक मी घेतो, एक भाचा. तिसरा साक्षीचा, चोख सोन्याचा, आजची भट्टी आणि आजचं तेजाब बरोबर वागतंय का ते सांगायला.

नमुना 250 मिलिग्रॅमचा. काटा मिलिग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो, पंखा बंद करावा लागतो, श्वासही जपून. त्यात सोन्याच्या सुमारे अडीचपट चांदी घालून शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळायचं आणि गोळी करून मफलमधल्या कपात सोडायचं. हा कप बोटाच्या दोन पेरांएवढा, पूर्वी हाडांच्या राखेचा असायचा, आता मॅग्नेशियाचा मिळतो. शिसं वितळतं, हवेतला ऑक्सिजन घेतं, आणि त्याचा पातळ झालेला गंज कप टिपकागदासारखा पिऊन टाकतो. जाताना तांबं, जस्त, जे जे हलकं मिसळलं होतं ते सगळं सोबत घेऊन जातो. सोनं आणि चांदी मात्र गंजत नाहीत. ती वर राहतात.

याला पाऊण तास लागतो आणि शेवटची दोन मिनिटं सोडता बघण्यासारखं काही नसतं. त्या दोन मिनिटांसाठी मी इतकी वर्षं या भोकापुढं वाकतो. गोळी लहान होत होत मुगाएवढी उरते. शिशाचा शेवटचा पापुद्रा विरळ होऊ लागला की तिच्यावर रंग फिरायला लागतात. तांबूस, हिरवा, जांभळा, पट्ट्यापट्ट्यांनी, एकमेकांमागे पळत. पळण्याचा वेग वाढतो. मग रंग जातात, गोळी क्षणभर मंदावते आणि एकदम लखकन उजळते. शिसं संपलं. त्या झळकेच्या आधी कप बाहेर काढला तर गोळीत शिसं राहतं. फार उशीर केला तर सोनंही थोडं कपात उतरतं. आणि झळक झाल्यावर पटकन बाहेर ओढली, तर गोळीतली चांदी आतला ऑक्सिजन एकदम सोडते, फुटते, आणि दिसणार नाही एवढे कण उडतात. म्हणून दाराशी आणून थांबवायची, हळूहळू निवू द्यायची.

माझी गोळी मी दाराशी थांबवली. भाच्यानं त्याची काढली, आणि त्याच वेळी दारात कुरियरवाला आला.

पुढचं काम हाताचं. गोळीची तळबाजू ब्रशनं घासायची, ऐरणीवर ठोकून चपटी करायची, लाल करून निववायची, रुळात लाटून पट्टी करायची आणि तिची सुरळी वळायची. सुरळी नायट्रिकमध्ये उकळली की चांदी विरघळते आणि सोनं सुरळीच्या आकारातच उरतं, पण विटकरी आणि इतकं ठिसूळ की चिमटा लावायला भीती वाटते. दोनदा उकळायचं, तीनदा धुवायचं, मग तापवायचं. तापताना विटकरीची पिवळी होते आणि अंग धरते. मग काटा.

माझा आकडा 916.2. भाच्याचा 914.9. साक्षीचा नमुना बरोबर.

दोन्ही आकड्यांत हजारी एक पूर्णांक तीनचं अंतर. या लगडीवर ते पाव ग्रॅमच्या वर जातं. आसारी मशिनचा कागद बघून म्हणाले, "अण्णा, त्यात 916 आलंय, तुमचंही 916 आलंय, मला पुरे." मी म्हटलं, उद्या देतो. दोन नमुने जुळले नाहीत तर टंच निघालेला नाही. माझा आकडा बरोबर आणि त्याचा चूक, असं वाटणं सोपं आहे, पण वाटण्यावर मी सही करत नाही. ते लगड माझ्याकडं ठेवून गेले. पावती मागितली नाही, तरी मी दिली.

दुपारी एक

घरून डबा येतो. भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी, आणि इथली सवय लागल्यामुळं शेवटी ताकभात. आम्ही दोघं आळीपाळीनं जेवतो, कारण भट्ट्या सोडून दोघांना उठता येत नाही.

जेवताना भाचा जुन्या गोष्टी विचारतो. माझे वडील इथं आले तेव्हा परवान्यांचे दिवस होते. 1963 च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचा आदेश निघाला आणि चौदा कॅरेटपेक्षा चोख दागिना घडवायला बंदी आली. देशभरातल्या सोनारांच्या चुली थंड झाल्या. ती अट पुढं सैल झाली, पण 1968 च्या कायद्यानं नोंदवह्या, परवाने आणि तपासण्या कायम ठेवल्या. तो कायदा 1990 मध्ये रद्द झाला. वडिलांच्या वह्या मी जपून ठेवल्यात. प्रत्येक गुंजेची नोंद आहे, मोडी लिपीत, निळ्या शाईनं. नियम गेला तरी वहीची सवय राहिली, आणि ती किती कामाची आहे ते चोरीच्या सोन्यावरून कळतं. अनोळखी माणूस दागिना घेऊन आला आणि लगेच आटवा म्हणाला, तर मी हात लावत नाही. आधी ओळखपत्र, फोटो, दागिना कुणाचा, कुठून घेतला. आटणी झाली की दागिन्याचा चेहरा पुसला जातो, मग तो कुणाचा होता हे सोनं सांगू शकत नाही. आमच्या धंद्यातली बरीच साधी माणसं केवळ विचारलं नाही म्हणून पोलिसांच्या फेऱ्यांत अडकली आणि गावाकडं त्यांच्या घरांना मान खाली घालावी लागली. भाच्याला मी काटा शिकवायच्या आधी हे प्रश्न शिकवले.

अडीच

तेजाबाची खोली. हातमोजे, चष्मा, रबरी एप्रन. वडिलांच्या काळात यातलं काही नव्हतं. खिडकी उघडी ठेवून ओल्या फडक्यानं नाक बांधायचे आणि संध्याकाळी खोकत बसायचे. त्यांच्या पिढीतल्या बहुतेकांचे दात आणि छाती याच खोल्यांनी खाल्ली. मी पैसे आले तसे आधी हूड बसवला, मग पंखा, मग धूर चुन्याच्या पाण्यातून धुऊन वर सोडणारी टाकी. दुकानाला नवी फरशी अजून नाही.

आज मोडीचं सोनं चोख करायचं आहे. ऐकणाऱ्याला उलटं वाटतं, पण सोनं शुद्ध करायचं तर आधी त्यात आणखी चांदी घालावी लागते. सोनं एक भाग आणि बाकी तीन भाग, असं झालं की तेजाबाला आतपर्यंत वाट मिळते. त्याहून सोनं जास्त असेल तर ते चांदीभोवती भिंत होऊन उभं राहतं आणि तेजाब बाहेरच थांबतं. हे मिश्रण वितळवून उंचावरून पाण्यात ओतायचं, त्याचे लाह्यांसारखे दाणे होतात. दाणे काचेच्या भांड्यात, वर पातळ तेजाब, खाली मंद आच. तांबूस वाफा उठतात, भांड्यातलं पाणी हिरवं-निळं होतं आणि दोन तासांनी तळाला विटकरी चिखल उरतो. हेच ते चोख सोनं. कुणाला दाखवलं तर तो हातात घ्यायला तयार होणार नाही.

धुताना पाणी ऊर्ध्वपातित लागतं. कोईमतूरला सिरुवाणी धरणाचं पाणी येतं, फार गोड म्हणून त्याचं नाव आहे, आणि आमच्या घरची पाहुणे मंडळी ते पिऊन दर वेळी तेच बोलतात. पण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन चांदीला दिसलं की भांड्यात दुधाळ ढग येतो आणि तो सोन्यात मिसळून बसतो. म्हणून विकतचं पाणी. धुवून काढलेल्या पाण्यात मिठाच्या पाण्याचा थेंब टाकून बघायचं. ढग आला नाही, म्हणजे चांदी संपली.

चांदीचं हिरवं-निळं पाणी दुसऱ्या टाकीत जातं. तिच्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की तांबं स्वतः विरघळतं आणि चांदीला बाहेर ढकलतं. पट्टीवर राखाडी शेवाळ चढावं तशी ती साठत जाते. रात्रभरात सगळी उतरते. मग उरलेल्या निळ्या पाण्यात लोखंडाचा चुरा, त्यानं तांबं परत मिळतं. शेवटी चुना घालून आम्लपणा मारायचा, गाळ वेगळा करायचा आणि तो उचलणाऱ्या परवानाधारकाच्या हवाली करायचा. यात वेळ जातो, पैसा जातो आणि मोबदला काही नाही. तरी माझ्या गटारीतून एक थेंब निळं पाणी जाऊ देत नाही. नोय्यल या शहराच्या अंगणातून वाहते, आणि तिचं पुढं काय होतं ते सगळे बघतात. पाण्यासाठी मुलूख सोडलेल्या माणसानं दुसऱ्याची नदी नासवायची, हे मला जमणार नाही.

कालची उतरलेली चांदी आज आटवली. चांदीची खोड वेगळी. वितळल्यावर ती आपल्या आकारमानाच्या वीसपट ऑक्सिजन पोटात घेते आणि थिजताना बाहेर फेकते, मग विटेवर फोड येतात, शिंतोडे उडतात. त्यावर उपाय कोळशाचा. मुशीत वर कोळशाचे तुकडे तरंगत ठेवले की ते ऑक्सिजन खाऊन टाकतात आणि वीट आरशासारखी निघते. भाच्यानं कारण विचारलं, मी सांगितलं. वडिलांनी मला फक्त "कोळसा टाक" एवढंच सांगितलं होतं.

साडेचार

एक म्हातारी नातवाला घेऊन आली. ओळखीच्या पेढीवाल्यानं पाठवलेली. पदराच्या गाठीतून तिनं तंडट्टी काढल्या. जुन्या बायका ओघळलेल्या कानांच्या पाळ्यांत घालायच्या, ते घनाकार जड डूल. आता कुणी घालत नाही. नातीच्या लग्नासाठी मोडायच्या होत्या. नणंदेनं, सासूनं, सगळ्यांनी तिला सांगितलं होतं, तीन पवन आहेत. पवन म्हणजे आठ ग्रॅम, इथं हिशेब पवनातच चालतो.

काट्यावर बरोबर 24 ग्रॅम भरले. तिनं नातवाकडं बघितलं.

मला आधीच माहीत होतं, म्हणून मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि मोडायच्या आधी सांगितलं. पाट्टी, यांच्या पोटात लाख आहे. पत्रा पातळ असतो, तो चेपू नये म्हणून कारागीर आत लाख भरायचे. त्यात लबाडी नाही, दागिना असाच घडतो. पण वजन दोन्हींचं मिळून आहे. नातू म्हणाला, मग नकोच. म्हातारी म्हणाली, "उघड तंबी, बघू दे."

मी तिच्यासमोरच कापल्या. मंद आचेवर लाख मऊ केली, खरवडून काढली, काळपट तांबडे दोन गोळे निघाले. उरला पत्रा 13.7 ग्रॅम. आटवून 13.5. टंच 880. म्हणजे चोख सोनं 11.88 ग्रॅम, बावीस कॅरेटच्या हिशेबानं दीड पवनाहून थोडं जास्त. प्रत्येक आकडा मी कागदावर तिच्यापुढं मांडला, नातवाला गुणाकार स्वतः करायला लावला. तिच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी बघितलं. असे चेहरे महिन्यात दोन-चार तरी बघावे लागतात. लग्नात मिळालेलं, आईनं दिलेलं, तीस वर्षं कपाटात ठेवून ज्याच्या जोरावर मुलीचं लग्न ठरवलं ते सोनं माझ्या मेजावर कमी निघतं, आणि ते सांगायचं काम माझं असतं. आकडा गोड करून सांगायचा मोह कधी होत नाही, पण तो कसा सांगायचा याचा विचार मी रोज करतो. उभ्या माणसाला सांगायचं नाही. काट्याकडं बोट दाखवून सांगायचं नाही. आधी सांगायचं की कुणी फसवलेलं नाही, जर ते खरं असेल तर. आणि खरं नसेल, कुणी खरोखर बावीसच्या भावानं अठराचं दिलेलं असेल, तर तेही त्याच आवाजात सांगायचं.

मजुरी घेतली नाही. तिनं लाखेचे ते गोळे मागून घेतले आणि सोन्याशेजारी वेगळ्या गाठीत बांधले.

संध्याकाळी सात

भट्ट्या बंद, ब्लोअर बंद. या वेळेला कारखान्यांतून पोरं न्यायला येतात, कुणाची पाच ग्रॅमची लगड, कुणाचे दोन टंच. आडी महिना चालू आहे. या महिन्यात इथं लग्नं होत नाहीत, त्यामुळं बाजार मंद. पुढचा आवणी महिना लागला की रात्री अकरापर्यंत उसंत नसेल.

आमच्याकडच्या चार-पाच घरांतली माणसं गल्लीच्या तोंडाशी जमतात. बोलणं एकच, खरसुंडीच्या चैत्र यात्रेला पुढच्या वर्षी कुणी जायचं आणि कुणी थांबायचं. मिरजेहून बंगळूर, तिथून पुढं, हा प्रवास सगळ्यांना पाठ आहे. सगळे एकदम गेले तर सोनारांची अडचण होते, म्हणून पाळी लावतो. यंदा मी थांबलो होतो.

बहिणीचा फोन येतो. पोरगा जेवला का, हाताला भाजलं तर नाही ना, आणि शेवटी नेहमीचं: "दादा, त्याला कधी लावून देतोस? बागेला माणूस नाही." मी तिला खरं तेच सांगितलं. त्याचे हात अजून घाई करतात, पण डोळा लागलाय. डोळा मला शिकवता येत नाही, तो त्याचा त्यालाच आलाय. जायचं की राहायचं हे त्यानं सांगायचं, मी अडवणारही नाही आणि ढकलणारही नाही. ती गप्प राहिली. मग म्हणाली, डाळिंबाला फुलं चांगली लागलीत, फोटो पाठवते.

रात्री नऊ

हिशेबाची वही. आलेलं, आटवलेलं, घट, टंच, परत केलेलं, ठेवलेलं. आमच्या हातून दागिना होत नाही. आम्ही केलेली लगड दुसऱ्या दिवशी कापली जाते, तार होते, पत्रा होते, कुणाच्या तरी गळ्यात जाते आणि तिच्यावर आमची कसलीही खूण उरत नाही. उरतो तो या वहीतला आकडा, म्हणून तो लिहिताना मी दिवा जवळ ओढतो.

आसारींच्या लगडीपुढची जागा कोरी होती. भाचा शेजारी उभा राहून ती बघत होता. दुपारपासून तो त्या गोळीबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. आता त्यानं कप आणून मेजावर ठेवला. त्यानं तो डब्यात टाकला नव्हता, दिवसभर भिंग लावून बघत बसला होता. कपाच्या काठावर, आतल्या बाजूला, सुईच्या टोकाहून बारीक असे दोन चमकते ठिपके होते.

"मामा, मी दाराशी थांबवली नाही. कुरियरवाल्याला पाकीट द्यायच्या नादात ओढली बाहेर."

मी भिंगातून बघितलं. चांदीनं उडवलेले कण. त्याच्या आकड्यातली तूट तिथं बसली होती.

"मग 916.2 लिहायचं?" मी विचारलं.

त्यानं मान हलवली. "दोन नवे नमुने घेऊ. दोन्ही मी काढतो, तुम्ही फक्त बघा. जुळले तर लिहा."

"मफल साडेपाचला लावतो. सातला यायचं नाही मग."

"सव्वापाचला येतो," तो म्हणाला, आणि काट्याच्या पेटीवर कापड घालायला गेला.